परत पाठवलेली पुडी

हे सोनललासुद्धा माहीत नाही. आणि माझ्या सोनलला माहीत नाही असं आमच्या घरात काय असतं हो? पोरगी वकिलीचं शिकते. एका प्रश्नाचं उत्तर दिलं की दुसरा तयार. तिच्यापासून मी एक गोष्ट लपवली, माझ्या सख्ख्या भावापासून लपवली, आणि ज्याच्यापासून लपवायलाच नको होती त्याच्यापासून तर— पण थांबा. असं एकदम नको. मला बोलायची सवय नाही, स्वयंपाकाची आहे. आधी पाणी ठेवायचं, मग पुढचं.

मी मंगल. सुरतेत डिंडोलीला माझी खाणावळ आहे. म्हणजे पाटी-बिटी काही नाही, घराचीच पुढची खोली, दोन शेगड्या आणि डबे. आम्ही मूळचे अमळनेरकडचे. इथं लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्याला खातं म्हणतात. तिथल्या कामगारांना मी डबे देते. आमचे खान्देशी लोक आहेत, यूपीचे आहेत, ओडिशाचे तर पुष्कळ. कोणाला भाकरी, कोणाला भात, कोणाला तिखट चालत नाही— ते मला सगळं पाठ. हे सांगते ते बढाई म्हणून नाही. पुढं याचंच काम पडणार आहे.

परवा सोनलच्या कॉलेजात वादविवाद होता. विषय काय, तर गांजा कायदेशीर करावा का. आणि ही 'करावा' म्हणणाऱ्यांत! दोन दिवस घरात येरझाऱ्या घालत पाठ करत होती, अर्धं गुजरातीत, अर्धं हिंदीत, आणि मी बघतेय असं वाटलं की मधेच मराठीत. शिवरात्रीला देवळाबाहेर भांग घोटतात, पोलीससुद्धा हात जोडून पितो. त्याच झाडाचा शेंडा खिशात सापडला की तोच पोलीस बेडी घालतो, असं तिचं सुरुवातीचं वाक्य. मग म्हणे, आपल्या गुजरातेत दारूबंदी आहे तरी आजारी माणसाला दारूचं परमिट मिळतं. मग ज्याला दुखणं सोसत नाही त्याला याचं का नाही? मग म्हणे, पकडला जातो कोण— बंगल्यातला का खोलीतला?

मी पीठ मळत होते. हात थांबला माझा.

तिनं विचारलं, "मम्मी, तुझं मत काय?" मी म्हटलं, "मला काय कळतं त्यातलं? सरक तिकडे, तवा तापलाय."

खोटं. मला कळतं. तिच्या कॉलेजातल्या सगळ्यांना मिळून जेवढं कळतं त्याच्यापेक्षा जरा जास्तच कळतं. माझं मत कितीतरी वर्षांपासून तयार आहे— त्याला परवानगी पाहिजे. दुकानातून नको तर डॉक्टरच्या चिठ्ठीवर, पण पाहिजे. आणि मी गांजा चांगला म्हणत नाही हं. माझ्याकडे जेवणारी दोन-तीन पोरं त्याच्यापायी अशी सुस्तावलेली मी बघितली आहेत की डब्याचं झाकण उघडायचा कंटाळा. पण ती पोरं बंदी असतानाच सुस्तावली ना? बंदीनं कोणाचं काय भलं केलं? असो. माझं मत खरं आहे. पण ते मत मला इतकं का आवडतं, ते मी कधी कोणाला सांगितलं नाही. तेच सांगायला बसले आहे.

सोनलचे पप्पा लूमवर होते. शांत माणूस. फक्त तोंडात सदा तंबाखू. खात्यात झोप येऊ नये म्हणून सगळेच ठेवतात. ती पुडी काय, प्रत्येक टपरीवर माळेसारखी लटकलेली. त्या पुडीनं त्यांची जीभ खाल्ली. ऑपरेशन झालं, अर्धी जीभ गेली, धड बोलणं गेलं, आणि वर्षाच्या आत दुखणं पुन्हा आलं. डॉक्टर म्हणाले, आता दुखणार नाही एवढंच बघायचं. गोळ्या दिल्या. गोळीनं दुखायचं थांबायचं, पण पोटात अन्न ठरायचं नाही. माझ्यासारख्या बाईच्या घरात— जी अख्ख्या खात्याला जेवू घालते— तिचा नवरा दोन चमचे वरणावर. किती जिव्हारी लागायचं ते, काय सांगू.

तेव्हा प्रफुल्ल यायचा. ओडिशाचा. सोनलच्या पप्पांच्या शेजारच्या लूमवर कितीतरी वर्षं होता. वयानं लहान, कान मोठे, हसला की डोळे मिटून जायचे. लूमवाल्यांचं एक असतं— त्या खडखडाटात काही ऐकू येत नाही, म्हणून ते हातांनी बोलतात. चहा सांगायचा तर एक खूण, मास्तर, म्हणजे मुकादम, येतोय तर दुसरी, लूम बंद कर तर तिसरी. नवीन माणसाला काही समजत नाही, पण हे दोघं हातांनी तासन्‌तास गप्पा मारायचे, चहाड्यासुद्धा करायचे! जीभ गेल्यावर सोनलचे पप्पा आमच्या कोणाशी धड बोलू शकत नव्हते, प्रफुल्लशी मात्र तसेच बोलायचे. तो आला की दोघांचे हात सुरू. मी बाजूला बसून बघायची आणि मला, खरं सांगते, हेवा वाटायचा. माझा नवरा, आणि त्याची भाषा त्या उडियाला येते.

प्रफुल्ल पाळी सुटली की चिलीम ओढायचा. मला माहीत होतं, आवडायचं नाही. पण त्यानंच एकदा सांगितलं, भाभी, थोडं तुपात घालून देऊन बघा. मी आधी त्याला चांगलंच झाडलं. मग दोन दिवसांनी मीच निरोप धाडला.

आता यातून आजार बरा झाला असं काही म्हणू नका. तसूभरही नाही झाला. पण पहिल्याच आठवड्यात एका दुपारी सोनलचे पप्पा उठून बसले आणि त्या तुटक्या बोलण्यात म्हणाले, "ठेचा शे का वं?" ठेचा आहे का! मीठ झोंबत होतं ज्या तोंडाला, ते ठेचा मागतंय. मी हसले की रडले, मला आठवत नाही. ठेचा दिला नाही, पण मऊ भात खाल्ला त्यांनी, वर पुन्हा मागितला. सोनलला आम्ही सांगितलं, वैद्याचं चूर्ण आहे. ती तेव्हा शाळेत होती.

तुम्हाला वाटेल, हीच माझी कबुली. नवऱ्याला गांजा दिला. नाही हो. त्याची मला काडीची लाज नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा देईन.

पुडी यायची कशी, तर रिकाम्या डब्यातून. माझे डबे सायकलवाला खात्यात नेऊन द्यायचा, रिकामे परत आणायचा. प्रफुल्ल त्याच्या डब्याच्या खालच्या वाटीत कागदाची छोटी पुडी ठेवायचा. सायकलवाल्याला काही पत्ता नाही. मी डबे घासायला घेतले की काढून घ्यायची. पैसेसुद्धा घ्यायचा नाही तो.

एकदा पुडी आली ती ओलसर. उघडली तर बुरशी, नुसत्या काड्या, बिया. आता कोणतीही शहाणी बाई काय करेल? फेकून देईल. चुलीत घालेल. मी काय केलं? मी ती परत पाठवली. हसा, हसा. भाजीवालीनं किडकी वांगी दिली तर मी आयुष्यात कधी ठेवून घेतली नाहीत, तिच्या टोपलीत परत टाकून बदलून आणते. हाताला सवयच ती. फुकट आलेली वस्तू, तीही गांजा, आणि मी ती दुसऱ्या दिवशी प्रफुल्लच्या डब्यात भाकरीखाली ठेवून परत धाडली— ही चांगली नाही, बदलून दे म्हणून! इतकी वर्षं झाली, अजून त्या मूर्खपणाचं मला हसू येतं. आणि मग येत नाही.

त्या दिवसांत खात्यातून सुताचे कोन, ती मोठाली रिळं, चोरीला जात होते. गेटवर मास्तर येणाऱ्या-जाणाऱ्या पिशव्या तपासायचा. त्या दिवशी डबेही उघडले. भाकरी उचलली, खाली पुडी.

दुपारी ते घरी आले. मास्तर, एक पोलीस, आणि मध्ये प्रफुल्ल. मी ओट्याशी उभी होते. आतल्या खोलीत सोनलचे पप्पा झोपलेले, दार लोटलेलं. पोलीस काही आरडाओरडा करत नव्हता, अगदी साधं विचारत होता. हा डबा तुम्ही भरला का?

काय सोपं होतं हो. हो साहेब, मी भरला, पुडी मीच ठेवली, माझा माणूस आत पडलाय, या, बघा. एवढंच. कदाचित त्यानं ऐकूनही घेतलं असतं. कदाचित मला नेलं असतं. मला काय माहीत? मी सांगूनच बघितलं नाही. मी म्हटलं, "भाकरी-भाजी मी भरली. बाकी त्याचं त्याला माहीत."

प्रफुल्लनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मग लोटलेल्या दाराकडे बघितलं. आणि म्हणाला, "मेरा ही है साहब. भाभी को कुछ मालूम नहीं."

गेला तो. मी भांडी घासली.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल— बाई घाबरली, घरात आजारी माणूस, लहान पोर, काय करेल. तुम्ही म्हणाल असं मला वाटतं, कारण मीच स्वतःला कितीतरी वेळा तसं म्हटलंय. एका क्षणाची भीती. बरं, त्याला भीती म्हणू. मग पुढचं काय म्हणाल?

गुन्हा लहान होता म्हणे. जामीन सहज मिळण्यासारखा. फक्त जामीन राहणारा माणूस सुरतेतला पाहिजे, घरदार असलेला. प्रफुल्लचा एक चुलतभाऊ सुरतेतच पर्वत पाटिया भागात कापडाच्या गाठी उचलायचा, तो माझ्याकडे आला. हात जोडून उभा. भाभी, आमचं इथं कोणी नाही, तुमचं घर तुमच्या नावावर आहे, एक सही करा. तेव्हा काही भीती नव्हती. पोलीस समोर नव्हता. सकाळची वेळ, मी निवांत तांदूळ निवडत बसले होते. मी म्हटलं, घर गहाण पडलंय भाऊ, माझी सही चालणार नाही.

घर गहाण नव्हतं. घर माझंच होतं, आजही आहे, त्याच घरात बसून सांगतेय. मी विचार केला होता— खाणावळवाली बाई गांजावाल्याचा जामीन का राहते, असं कोणी विचारलं तर? सोनलच्या शाळेत कळलं तर? डबे बंद झाले तर? सगळा हिशेब नीट करून मी नाही म्हटलं. वर त्याला चहा पाजला. तो बिचारा चहा पिऊन, कपबशी धुऊन ठेवून गेला. प्रफुल्ल महिनोन्‌महिने आत राहिला, ते एका सहीसाठी.

आणि तरी मी अजून मुद्द्यावर आले नाही. बघा, कशी फिरतेय मी. दुसऱ्यांना पाच मिनिटांत डबा भरून देणारी बाई.

सोनलचे पप्पा विचारायचे. खुणेनंच. प्रफुल्लची त्यांची खूण होती— कान धरायचा, त्याचे कान मोठे म्हणून. पाळी सुटायची वेळ झाली की दाराकडे बघायचे, कान धरायचे आणि रिकामा हात पसरायचे. कुठं आहे?

मी सांगितलं, गावी गेला.

न सांगता गेला, असंही सांगितलं. का? कारण सांगून गेला म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, काय म्हणाला, कधी येतो. एका खोट्याला चार खोटी नकोत, म्हणून मी 'न सांगता' जोडलं. सोयीसाठी. भाजीत मीठ टाकावं इतक्या सहज.

पुडी यायची बंद झाली. सुरतेत दुसरीकडे मिळत नव्हती असं नाही, पण आता माझी हिंमत कुठली? पुन्हा गोळ्या. पुन्हा दोन चमचे वरण. शेवटचे महिने ते भिंतीकडे तोंड करून पडून असायचे, आणि बोलायला कोणी नाही. मी खुणा करायला गेले तर माझ्या खुणा चुकीच्या. ते थोडं बघायचे आणि डोळे मिटायचे. तरी रोज त्या वेळेला मान दाराकडे वळायची. चुलतभाऊ येऊन गेला, त्या दिवशीही वळली. मी आत जाऊन चादर सारखी केली.

मग एके दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं. कान धरला. आणि हात पालथा करून हळूच खाली नेला. ही खूण मला येत होती. लूम बंद केला की असा हात करतात. म्हणजे, संपलं. त्यानं मला सोडलं. बरं, जाऊ दे.

चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्या माणसाला वाईट वाटलं होतं, इतकंच. आणि माझी वाट बघत होते, मी काहीतरी बोलेन म्हणून.

तेव्हा कोण होतं तिथं? पोलीस होता का? मास्तर होता का? कायदा आत आला होता का आमच्या त्या खोलीत? माझा नवरा होता, ज्याला धड बोलताच येत नव्हतं, तो कोणाला सांगणार होता? जगात त्याच्याइतका भरवशाचा माणूस दुसरा नव्हता. मी म्हणायचं होतं— तो गेला नाही हो, तुमच्यापायी आत बसलाय, माझ्यापायी बसलाय. पण मग त्यांनी माझ्याकडे कसं बघितलं असतं? त्या बघण्याला मी घाबरले. मी म्हटलं, "परमुलखातला माणूस, तो किती दिवस येणार?" आणि पाण्याचा पेला पुढं केला.

ते पंधरवड्यानं गेले. मित्रानं पाठ फिरवली हे मनात घेऊन गेले.

म्हणून सोनलचं भाषण मला गोड लागलं. कितीतरी वर्षं मी मनातल्या मनात तेच भाषण करत आले आहे. परवानगी असती तर पुडी लपवावी लागली नसती, डबा उघडला तरी कोणी काही म्हटलं नसतं, प्रफुल्ल आत गेला नसता. खरंच आहे ते. त्यातलं अक्षरही खोटं नाही, आणि सोनलनं ते ओरडून सांगावं, तिचा नंबर आला नाही तरी सांगावं. पण मी त्या मताला इतकी वर्षं कवटाळून बसले, कारण त्यात सगळा दोष कायद्याचा होतो आणि माझ्या वाट्याला काही उरत नाही. उरतं. त्या खोलीतला पाण्याचा पेला उरतो. तो कोणत्याही कायद्यानं माझ्या हातात दिला नव्हता.

अजून एक आहे. संपवते.

प्रफुल्ल सुटला तेव्हा आधी माझ्याकडे आला. वाळला होता, केस बारीक कापलेले, कान आणखीच मोठे दिसत होते. भिंतीवरचा फोटो बघितला आणि मटकन खाली बसला. मी ताट वाढलं. त्याला चालतो तसा, बिनतिखटाचा डाळ-भात. त्यानं हात लावला नाही. मग विचारलं, "भाभी, भाई को मालूम था? मैं कहाँ हूँ?"

महिनोन्‌महिने त्यानं आत बसून हाच एक विचार केला असणार, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. भाऊ काय म्हणत असेल. आपण सोडून गेलो असं तर त्याला वाटलं नसेल ना.

मी म्हटलं, हो. सगळं माहीत होतं. मी सांगितलं होतं. तुझं नाव रोज काढायचे. प्रफुल्लनं माझं घर वाचवलं, म्हणायचे.

त्याचा चेहरा असा काही उजळला— मी तसा चेहरा पुन्हा कधी बघितला नाही. रडला, हसला, ताट ओढून घेतलं आणि सगळं जेवला. बोटं चाटून जेवला. दुसऱ्या दिवशी कायमचा गावी चालला होता. खात्यात त्याला आता कोणी घेणार नव्हतं. उठला, हात धुतले, फोटोला नमस्कार केला. म्हणाला, भाभी, तुमने बताया, बहुत अच्छा किया. आणि वाकून माझ्या पाया पडला.

मी पाय मागे घेतले नाहीत.